चौकटीबाहेरची छत्री

१

शुक्रवारी सकाळी करमसिंग मोतीलाल नानांच्या केळीच्या बागेत कामाला गेला आणि बांधावरूनच मागे फिरला. केळी धुवायचे निळे टब कुणीतरी कुऱ्हाडीनं फोडून टाकले होते. शेडच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं होतं, 'विषवाले चालते व्हा.'

टब होते हाशमभाईच्या टोळीचे. यावल तालुक्यात केळी कापणाऱ्या टोळ्या पुष्कळ आहेत, पण हाशमभाईचं काम म्हणजे काम. घड उतरवायचा, फण्या वेगळ्या करायच्या, चीक धुवायचा, भरून गाडीत चढवायच्या, आणि एवढ्या सगळ्यात सालीवर ओरखडा उठू द्यायचा नाही. करमसिंगसारखे सातपुड्याच्या पायथ्याचे गडी त्याच्याच हाताखाली तयार झालेले. बागाईतदार कापणी ठरवताना आधी हाशमभाईला विचारायचे आणि मग घरातल्यांना.

टब कोणी फोडले याचा शोध घ्यायची कुणाला गरज पडली नाही. चौकातली पोरं. त्यांची नावं गावाला पाठ होती. पण त्या पोरांच्या हातात कुऱ्हाड दिली ती एका व्हिडिओनं, आणि तो व्हिडिओ मुळात काढला कोणी, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

व्हिडिओ एवढासाच. डोक्यावर जाळीची टोपी घातलेला एक माणूस टबावर वाकलाय, चौकोनी बाटलीतून पाण्यात काहीतरी ओततोय, मग त्यात केळीची फणी बुडवतोय. चेहरा पुसून धूसर केलेला. मागे धडाधडा संगीत आणि वर लाल अक्षरं : 'केळीत विष? पाहा, यांच्या हातचं तुमची लेकरं खातात.' यांच्या म्हणजे कोणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. टोपी दिसत असताना लिहायचं कशाला? 'गर्जना' नावाच्या चॅनलवर तो आला आणि आठवडाभरात लाखो लोकांनी पाहिला.

चेहरा झाकला, पण बाटली उघडी राहिली. बाकीच्या टोळ्या तुरटीचा खडा टबातच घोळवतात. गार पाण्यात तो विरघळायला वेळ लागतो, म्हणून हाशमभाई एकटाच घरून गरम पाण्यात तुरटी विरघळवून आणायचा, सरबताच्या जुन्या चौकोनी बाटलीत. ती बाटली अख्ख्या यावलला माहीत. परगावच्या लोकांना व्हिडिओत कोणीतरी टोपीवाला दिसला. यावलकरांना हाशमभाई दिसला. आणि लाजेची गोष्ट अशी, की ज्यांनी जन्मभर त्या पाण्यात स्वतःचे हात घातले, त्यांनाही फोनमध्ये तेच पाणी विषारी दिसायला लागलं.

दुपारी मोतीलाल नाना 'तोताराम फोटो स्टुडिओ'ची पायरी चढले. बागाईतदारांमध्ये त्यांच्या शब्दाला वजन. बारा महिने हातात छत्री, काळी, आणि एका बाजूला फाटली तिथं पिवळ्या लुगड्याचा तुकडा शिवलेला. पोरं त्यांना मागून छत्रीनाना म्हणत. पुढून म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"अक्का, रविवारी माझ्या शेडमध्ये बैठक आहे," नाना म्हणाले. "हाशमला काम द्यायचं की नाही ते ठरवायचंय. व्यापारी म्हणतात, ती टोळी असेल तर तुमचा माल नको, आणि तुमचं ठरेपर्यंत यावलचा कोणाचाच नको. हाशम म्हणतो, काम गेलं तर सुरतेला भावाकडे निघून जातो. तू व्हिडिओच्या धंद्यातली. पाहून सांग, यात काही काळंबेरं आहे का."

जमनाअक्कानं वडिलांचा स्टुडिओ हातात घेतला त्याला किती वर्षं झाली हे तिलाही आठवत नसेल. यावलमधलं लग्न तिच्या कॅमेऱ्याशिवाय लागत नव्हतं, मग ते मांडवातलं असो की निकाहाचं. तोंड फटकळ, पण मनात कपट नाही.

"ते पाहते मी," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं, नाना?"

नाना छत्रीच्या मुठीकडे पाहत राहिले. मग उत्तर न देताच उठले आणि पायऱ्या उतरून गेले. अक्काला ते खटकलं.

२

संशय घ्यायचा तर पहिला गोपाळवर. तो नरडाण्याकडून आलेला, दुसऱ्या टोळीचा मुकादम. हाशमभाई गेला की सगळ्या बागा त्याच्याच. गावानं तर निकाल देऊनही टाकला होता.

गोपाळ घराच्या ओट्यावर पाय पसरून बसला होता. अक्काला पाहून हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"बस अक्का. माले माहीत शे तू कसाले ऊनी. बठ्ठा गाव मनाच नाव लेस."

"सगळं गाव तुझं नाव घेतंय खरं. मग तूच सांग, मी काय समजू?"

"मना पोरे बी घर बसेल शेतस. यापारी आते यावलना मालच लेतस नई, मंग तो कोणी बी कापेल ऱ्हावो. मना काय फायदा व्हयना?" तो थोडा थांबला. "आन एक सांग. माले त्येले बदनामच करनं ऱ्हातं, ते मी त्येनं तोंड कसाले झाकतू?"

हाच काटा अक्कालाही व्हिडिओ पाहिल्यापासून टोचत होता. ज्याला हाशमभाईचं वाटोळं करायचं असेल, तो त्याचा चेहरा आधी दाखवेल, नावही लिहील. चेहरा झाकतो कोण? ज्याला वाटतं की व्हिडिओ तर चालावा, पण या माणसाला त्रास होऊ नये. म्हणजे काम वैऱ्याचं नाही. हाशमभाईशी ज्याचं बरं आहे अशा कोणाचं तरी आहे.

घरी परतताना तिला बरं वाटायच्या ऐवजी वाईटच वाटायला लागलं. वैरी एकच होता, तो तर सुटला. आता उरली सगळी माणसं हाशमभाईची.

३

'गर्जना'वाला समाधान बसस्टँडच्या रस्त्यावर, मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत बसायचा. त्याच संध्याकाळी अक्का तिथं गेली. कॉलेजात असताना नाटकात काम करायचा. तेव्हाचं गॅदरिंग अक्कानंच शूट केलं होतं. आता त्याच्या मागे मोठा पडदा, पुढे गोल दिवा, आणि खुर्चीत तो स्वतः, इस्त्रीच्या कुडत्यात.

"या अक्का, चहा सांगू?"

"चहा राहू दे. केळीत विष आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"आम्ही कुठं म्हणतो विष आहे? प्रश्नचिन्ह बघा ना. 'केळीत विष?' आम्ही फक्त विचारलं. प्रश्न विचारणं गुन्हा आहे का?"

"उद्या मी स्टुडिओच्या फळ्यावर लिहिते, 'समाधान चोर आहे?' मीही फक्त विचारीन."

समाधानला हसावं की नाही ते कळेना. "क्लिप एका ग्रुपवर आली. कोणाकडून ते आता सापडत नाही. आली तशी टाकली."

"चेहरा तू झाकलास?"

"आला तसाच टाकला म्हटलं ना."

"आणि शेहजाद? हाशमभाईचा भाचा. 'पुकार' चॅनलवर तो रोज तुझ्या नावानं खडे फोडतोय. एका बाकावर बसायचात तुम्ही."

"तेव्हाचं तेव्हा. आता मी त्याचं तोंड पाहत नाही." हे मात्र त्यानं फारच पटकन सांगितलं.

डोक्यावरचा पंखा फिरताना दर फेरीला टक् वाजत होता. लग्नाच्या व्हिडिओतले असले आवाज काढून टाकण्यात अक्काचे केस पिकले होते. तिनं वर पाहिलं. "हा येत असेल की तुझ्या व्हिडिओत."

"वरून संगीत टाकतो ना. दणकून."

उठताना तिची नजर खिडकीतल्या डब्यावर गेली. स्टीलचा डबा, कडी तुटलेली, म्हणून मरून रंगाच्या ठिपक्याठिपक्यांच्या चिंधीनं बांधलेला. झाकण अर्धवट उघडं होतं आणि आत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी होती, चांगली काळपट, खरपूस.

"मेसचा डबा," समाधान म्हणाला.

"मेसमध्ये कळण्याची भाकरी? मलाही पत्ता दे रे बाबा. मी कुठल्या कुठल्या मंगल कार्यालयांतलं पनीर खाऊन कंटाळले."

समाधाननं झाकण दाबून लावलं आणि विषय बदलला.

४

शनिवारी सकाळी अक्का गेली तेव्हा हाशमभाईच्या घरी गाठोडी बांधून ठेवली होती. सुरतेला जायचं नक्की झालं नव्हतं, पण त्याची बायको सुगराबी, तिच्या हातांना गप्प बसवत नव्हतं. हाशमभाई खाटेवर बसून होता. कामाच्या दिवसात घरी बसलेला माणूस कसा बसतो, तसाच.

"अक्का, कोणाला शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "ते पाणी तुरटीचं होतं, एवढंच चारचौघांत कोणीतरी म्हणावं. तीस वर्षं त्यांच्याच डोळ्यांदेखत ओतलं मी ते. मला काय वाटलं असेल, सांग."

तेवढ्यात शेहजाद आतून आला. सुगराबीच्या बहिणीचा हा मुलगा, म्हणून हाशमभाई त्याचा खालू, म्हणजे मावसा. आई गेल्यावर याच घरात वाढलेला. डोळे लाल, हातात फोन.

"मी सोडणार नाही त्यांना, अक्का. माझे व्हिडिओ पाहिलेत ना? लोक पेटून उठलेत."

"पेटून उठून काय करतायत?"

तो गडबडला. "म्हणजे, साथ देतायत."

"शूट कुठं करतोस?"

"जळगावला. मित्राच्या स्टुडिओत. रोज एसटीनं जातो."

"आणि बागेत? खालूच्या कामावर?"

"वर्ष झालं, बागेत पाय नाही ठेवला." फोन वाजला म्हणून तो बाहेर ओट्यावर गेला.

सुगराबीनं अक्कापुढे ताट ठेवलं. कळण्याची भाकरी, लसणाची चटणी, वर तेल. दोरीवर आकाशी रंगाचा शर्ट वाळत होता; छातीवर आणि बाहीवर काळपट डाग.

"शेहजादचा," सुगराबी म्हणाली. "ईदचा नवा. चीक लागला तेव्हा दिसला नाही, धुतला आणि काळा पडला. आता मेला जन्मात जायचा नाही. आमच्या घरात वाढलेला पोरगा, आणि नवा शर्ट घालून कापणीला जातो. काय म्हणावं, अक्का?"

"कधीची गोष्ट ही?"

"झाले थोडे दिवस. केळीचा चांगला व्हिडिओ काढतो, खालूचं काम दाखवतो म्हणाला होता. हे सगळं व्हायच्या आधी."

अक्कानं ओट्याकडे पाहिलं. वर्षभर बागेत न गेलेल्या माणसाच्या नव्या शर्टावर केळीचा चीक.

सुगराबी बोलता बोलता शेहजादचा डबा भरत होती. "आताशा दुप्पट भाकरी नेतो. मित्राला माझ्या हातची आवडते म्हणे. खाऊ दे, लेकरू आहे कोणाचं तरी." तिनं झाकण लावलं. डब्याची कडी तुटलेली होती. शेजारी जुनी ओढणी पडली होती, मरून रंगाची, ठिपक्याठिपक्यांची. तिनं तिची एक पट्टी टर्रकन फाडली आणि डबा बांधला.

अक्काच्या हातातला घास हातातच राहिला.

५

डबा एका घरातून दुसऱ्या खोलीत जातो, यावरून दोस्ती सिद्ध होते, गुन्हा नाही. अक्काला पुरावा हवा होता. शनिवारी दुपारी तिनं स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं आणि संगणकावर दोन खिडक्या उघडल्या. एकीत 'गर्जना', दुसरीत 'पुकार'.

तिच्या धंद्यात कापाकापी रोजची. लग्न झालं की महिन्याभरात कोणीतरी येतंच : अक्का, त्या मामाशी आमचं बिनसलंय, त्याला फोटोतून काप. अक्का कापून देते, पण मूळ कधी पुसत नाही. कारण दोन वर्षांनी तेच लोक येतात, की आता गोड झालंय, मामाला परत घाल. आणि एकदा कापलेला मामा कापलेल्या फोटोतून परत येत नाही. त्याला मूळच लागतं.

तिनं 'गर्जना'ची क्लिप पुन्हा पाहिली. उभी, अरुंद चौकट. टोपी, बाटली, टब. बस.

मग 'पुकार'. पडद्यावर शेहजाद ओरडत होता, "पाहा, हाच तो खोटा व्हिडिओ, समाधाननं पसरवलेला." आणि बाजूला तीच क्लिप चालू होती. चेहरा इथेही धूसर. पण चौकट आडवी होती. टबाच्या डाव्या हाताला जमीन दिसत होती, जमिनीवर तुरटीचा खडा ठेवलेलं फडकं दिसत होतं.

अक्का खुर्चीत सरळ बसली. 'गर्जना'च्या क्लिपमध्ये ते फडकं नव्हतंच. म्हणजे शेहजादनं क्लिप 'गर्जना'वरून घेतलेलीच नाही. कापलेल्या मामासारखीच ही गोष्ट. तुकड्यात जे नाही ते तुकड्यातून काढता येत नाही. 'पुकार'कडे मूळ व्हिडिओ होता, आणि 'गर्जना'चा तुकडा त्यातूनच निघाला होता.

हे लाखो लोकांसमोर उघड पडलं होतं. मग कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? उत्तर तिला सुचलं. 'गर्जना' पाहणारे 'पुकार' उघडत नव्हते. 'पुकार' पाहणारे 'गर्जना'चं नाव काढलं तरी थुंकत होते. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून पाहणारं माणूस अख्ख्या यावलमध्ये नव्हतं. तिनं स्वतःसुद्धा आत्तापर्यंत एकच पाहिला होता, आणि कोणता ते सांगायची गरज नाही. आपण शहाण्या आहोत असं तिला उगाच वाटत होतं.

तिनं कानाला हेडफोन लावला. शेहजाद बोलता बोलता गहिवरून थांबला. तिथं संगीत नव्हतं. त्या शांततेत हळूच ऐकू आलं, टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. जळगावचा स्टुडिओ कसला, तो बसस्टँडवरचाच पंखा होता.

इथवर सगळं जुळलं होतं. ती बंद करणार, तेवढ्यात आडव्या चौकटीच्या अगदी डाव्या कडेला तिला काहीतरी काळं दिसलं. तिनं चित्र थांबवलं, मोठं केलं. काळ्या कापडाचा कोपरा आणि त्यावर पिवळा तुकडा शिवलेला.

उद्या बैठकीत दोघांना नाही, तिघांना उत्तर द्यावं लागणार होतं.

६

रविवारी शेड भरून गेली होती. बागाईतदार सतरंजीवर, गोपाळ आणि त्याची माणसं खांबाजवळ, हाशमभाई दाराशी. सुगराबीही आली होती. बायका कशाला असं कोणी म्हणायच्या आत येऊन बसली होती. एका कोपऱ्यात समाधान फोन धरून चित्रण करत होता, समोरच्या कोपऱ्यात शेहजाद. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते.

"आधी ते फोन खाली ठेवा," अक्का म्हणाली. "दोघांनीही. चित्रण करायला इथं मी आहे."

मग तिनं संगणक टेबलावर ठेवला आणि लोकांना पुढं बोलावलं. चेहरा झाकणारा माणूस वैरी का नसावा, ते आधी सांगितलं. गोपाळनं मान हलवली. मग दोन्ही क्लिपा शेजारी शेजारी लावल्या.

"हे फडकं इकडे 'पुकार'मध्ये दिसतंय, तिकडे 'गर्जना'मध्ये नाही. क्लिप तिकडून इकडे आली असती, तर हे फडकं कुठून आलं? शेहजाद, सांग बाबा."

शेहजादचं तोंड उतरलं. "इंटरनेटवर कुठंतरी..."

"आकाशी शर्टावरचा चीकही इंटरनेटवरच लागला का? आणि जळगावच्या स्टुडिओत समाधानच्या खोलीतला पंखा कसा वाजतो?"

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. समाधान उठून उभा राहिला. "हे पाहा, आमचा काही संबंध नाही. तो त्यांचा घरचा मामला..."

"बस खाली," अक्का म्हणाली. "तुझ्या मेसचं नाव मी अजून सांगितलेलं नाही."

तो बसला. पण आता शेहजाद रडायला लागला होता, आणि एकदा रडायला लागल्यावर त्याला काही लपवता येईना.

"आधी आम्ही खरंच केलं होतं, अक्का. दोघांनी मिळून. केळी कशी कापतात, खालू कसे धुतात, तुरटी कशाला, तेही खडा फडक्यावर ठेवून दाखवलं. पूर्ण व्हिडिओ. कोणी पाहिला नाही. मग समाधान म्हणाला, यातलाच एक तुकडा काढून बघू. तो एका बाजूनं बोलेल, मी दुसऱ्या बाजूनं उत्तर देईन. दोन्हीकडचे लोक भांडायला येतील. आले. दोन्ही चॅनल एकाच खोलीतून चालत होते, नुसता मागचा पडदा बदलायचो. खालूंचा चेहरा मी स्वतः पुसला. मला वाटलं, बाहेरचेच लोक पाहतील, ओळखणार कोण? बाटलीचं लक्षातच आलं नाही. घरात रोज दिसते, तिच्याकडे कोण पाहतं?"

"आणि ओळखल्यावर?" हे हाशमभाईनं विचारलं. तो पहिल्यांदाच बोलत होता.

"तेव्हा लाखभर लोक झाले होते, खालू. थांबता येईना."

टब फोडणारी चौकातली पोरं शेडच्या बाहेर उभी होती. ती एकेक करून मागं सरकली. जो समाधान रोज या पोरांशी 'त्यांच्या'विरुद्ध बोलत होता, तो 'त्यांच्यातल्या'च दोस्ताबरोबर एका खोलीत बसून ते बोलत होता. यावलमध्ये गेले काही दिवस दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या दुकानात जात नव्हती. एकाच खोलीत दोघं जण गळ्यात गळा घालून बसत होते, आणि बाकीच्यांना तोडायचं काम तिथूनच चालू होतं.

सुगराबी उठली. ती शेहजादकडे गेली नाही. समाधानसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तो मित्र तूच काय रे?"

समाधाननं खाली पाहिलं.

"यांच्या हातचं खाऊ नका, असं तू लोकांना सांगत होतास. ते सांगून झाल्यावर जेवायचास, की आधी?"

समाधान बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. पण आता तो खाली ठेवलेला फोन उलटासुलटा करत राहिला.

"एवढंच विचारायचं होतं," सुगराबी म्हणाली. "भाकरी पुरायची ना? मी एक जास्तच टाकायचे."

ती परत जागेवर जाऊन बसली. अक्काचं काम अजून संपलं नव्हतं.

"पोरांचं झालं," ती म्हणाली. "आता हा कोपरा बघा." तिनं पिवळा तुकडा मोठा करून दाखवला. कोणी नाव घेतलं नाही. सगळे हळूहळू वळून पाहायला लागले, आणि ज्याच्याकडे पाहत होते त्यानं हातातली छत्री उगाचच पाठीमागं घेतली.

"नाना," अक्का म्हणाली, "हाशमभाईनं बाटली ओतली तेव्हा तुम्ही तिथंच उभे होतात, दोन हातांवर. शुक्रवारी मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. तुम्ही बोलला नाहीत."

नानांना उठायला वेळ लागला. "पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी," ते म्हणाले. "माझीच बाग, माझीच केळी. तो तुरटीचा खडासुद्धा माझ्याच घरचा. म्हटलं, आपण बोलावं तर लोक म्हणतील हा त्यांच्यातला. व्यापारी आपलाही माल बंद करतील. कोणीतरी दुसरा बोलेल. म्हणून तुझ्याकडे आलो. तू खोटं ठरवलंस तर माझं तोंड उघडायची वेळ येणार नाही, असा माझा हिशोब." त्यांनी हाशमभाईकडे पाहिलं. "या पोरांनी मला चौकटीतून कापलं आणि मला बरं वाटलं, हाशम. खरं सांगतो, बरं वाटलं."

हाशमभाई डोळे पुसत होता.

७

बैठकीत काय ठरलं ते सांगायला नको. नानांच्या बागेची कापणी बुधवारी, आणि टोळी हाशमभाईची. टब चौकातल्या पोरांनी नवे आणायचे, आणि भिंतीवरचा कोळसाही त्यांनीच पुसायचा.

पूर्ण व्हिडिओ दोन्ही चॅनलांवर टाकायला लावला. शेहजाद आणि समाधान एका पडद्यापुढे शेजारी बसले आणि काय केलं ते सांगितलं. अक्का रोज उघडून पाहायची. खोटा लाखांनी पाहिला होता. हा पाहिला तो जेमतेम गावानं. परगावी कुठंतरी तो लाल अक्षरांचा तुकडा अजून फिरतोय, आणि अजून फिरेल. शेहजाद आता रोज बागेत येतो, तोच डागाळलेला शर्ट घालून. सुगराबी त्याच्याशी अजून धड बोलत नाही, पण डबा देते. एकच भाकरी कमी झाली आहे.

बुधवारी अक्काही बागेत गेली. घड उतरत होते, करमसिंग खांद्यावर वाहून आणत होता. टबात पाणी भरलं गेलं. हाशमभाईनं पिशवीतून ती चौकोनी बाटली काढली, बूच उघडलं, आणि हात टबावर नेला.

आणि तिथंच थांबला. त्यानं मान वर करून इकडे तिकडे पाहिलं. कोणाच्या हातात फोन आहे का, ते तो पाहत होता. तीस वर्षांत त्याला असं कधी पाहावं लागलं नव्हतं. अक्काला ते पाहवेना.

बांधावर मोतीलाल नाना छत्री धरून उभे होते. त्यांनीही ते पाहिलं. त्यांनी छत्री मिटली, करमसिंगच्या हातात दिली, आणि खाली उतरून टबाजवळ आले. धोतर सावरून ते हाशमभाईच्या शेजारी उकिडवे बसले. नुसते शेजारी नाही, खांद्याला खांदा भिडवून, असे की कोणी कापायचं म्हटलं तरी दोघांच्या मधून सुरी घालता येऊ नये. मग त्यांनी दोन्ही बाह्या वर केल्या आणि हात पाण्यात घातले.

"ओत," नाना म्हणाले.

हाशमभाईनं बाटली ओतली.